पोरानं नुकसान केलं, भरपाई कोणी द्यायची?

माझा मुलगा सहा वर्षांचा असताना त्यानं आमच्या इमारतीतल्या काकांच्या नव्या गाडीवर खड्यानं आगगाडी काढली. पुढच्या दारावर इंजिन, मागच्या दारावर दोन डबे, तिसरा डबा मागच्या चाकाच्या वर. दुपारचे चार वाजले होते. आजी वर चहा टाकत होत्या, मी कोर्टात होते. संध्याकाळी काका दारात आले तेव्हा त्यांना राग आला होताच, पण त्याहून जास्त ते रडवेले झाले होते. गाडी घेऊन त्यांना अडीच महिने झाले होते आणि गाडी त्यांच्या निवृत्तीच्या पैशांतून आली होती.

मी दिवाणी वकिली करते. त्यामुळे काकूंनी दुसऱ्या दिवशी जिन्यात थांबवून विचारलं, "हे कायद्यानं तुलाच भरावं लागतं ना गं?" तेव्हा खरं उत्तर मला माहीत होतं आणि ते तोंडातून काढणं जड जात होतं. खरं उत्तर होतं, बहुधा नाही.

बहुतेकांना हे ऐकून धक्का बसतो. मूल कोणाचं, तर आईबापाचं. मग त्यानं केलेलं नुकसानही आईबापाचंच, असं आपण गृहीत धरतो. शेजारधर्म म्हणून ते बरोबरही आहे. पण कायदा तसा चालत नाही, आणि तो कसा चालतो हे दोन्ही घरांना माहीत असेल तर निम्मी भांडणं दारातच थांबतात. निदान माझा अनुभव तसा आहे.

आधी पोलीस

नुकसान झालं की सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहितंच, "पोलीस कम्प्लेंट करा." म्हणून हा मुद्दा आधी संपवते.

१ जुलै २०२४ पासून आपल्याकडे भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिचं कलम २० सांगतं की सात वर्षांखालच्या मुलानं केलेली कोणतीही गोष्ट गुन्हा ठरत नाही. त्याला अपवाद नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलासाठी कलम २१ आहे. आपण काय करतोय आणि त्याचा परिणाम काय होईल हे समजण्याइतकी समज त्या मुलाला आलेली नसेल, तर तोही गुन्हा नाही. १८६० च्या भारतीय दंड विधानात हेच नियम ८२ आणि ८३ या कलमांत होते. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षं आपल्या कायद्याची ही भूमिका आहे.

दुसऱ्याच्या मालमत्तेचं मुद्दाम नुकसान करण्याला कायद्याच्या मराठीत 'आगळीक' म्हणतात. शब्द मोठा गोड आहे, पण आगळीक सिद्ध व्हायला एक तर नुकसान करायचा हेतू लागतो, नाहीतर नुकसान होणार याची जाणीव तरी लागते. क्रिकेट खेळताना चेंडू खिडकीत गेला, यात आगळीक नाही. चेंडू मारणारा चाळीस वर्षांचा असता तरी नसती.

मूल बारा-तेरा वर्षांचं असेल आणि त्यानं खरोखरच ठरवून काचा फोडल्या असतील, तरी बाल न्याय अधिनियम २०१५ आणि त्याखालचे २०१६ चे नियम पोलिसांना थेट एफआयआर नोंदवू देत नाहीत. मोठ्या माणसांबरोबर मिळून केलेलं कृत्य किंवा अतिगंभीर गुन्हा असेल तरच एफआयआर होतो. बाकी प्रकरणांची नोंद ठाण्याच्या दैनंदिनीत होते आणि माहिती बाल न्याय मंडळाकडे जाते. मंडळ अशा मुलाच्या पालकांना दंड भरायला सांगू शकतं. पण तो दंड असतो. त्यातून शेजाऱ्याच्या गॅरेजचं बिल भागत नाही.

"मग आईबापावर गुन्हा टाका," हेही कोणी म्हणतं. मुलानं काच फोडली म्हणून आईबाप गुन्हेगार ठरत नाहीत. फौजदारी कायद्यात पालकाला थेट धरणारी ठळक तरतूद मोटार वाहन कायद्यात आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं ते कलम १९९अ. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. आपल्याला माहीत नव्हतं, किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. संसदेला पालकांना धरायचं असतं तेव्हा ती तसं स्पष्ट लिहिते. चेंडू, खडे आणि क्रेयॉन यांच्याबद्दल तिनं तसं काही लिहिलेलं नाही.

मग पैशाचं काय?

आता खरा प्रश्न. शेजाऱ्याला तुरुंग नको असतो, त्याला काच बसवून हवी असते. हा दिवाणी मामला. दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे आपलं नुकसान झालं तर भरपाई मागण्याच्या या कायद्याला 'अपकृत्यांचा कायदा' म्हणतात. गंमत अशी की आपल्याकडे त्याचं एकत्र पुस्तक नाही. हा कायदा संसदेनं लिहिलेला नाही, निकालांतून घडत गेलेला आहे, आणि त्याचं मूळ इंग्लंडमधल्या न्यायालयांत आहे. आपली न्यायालयं ते निकाल बंधनकारक मानत नाहीत, पण त्यातला न्याय पटला तर मार्गदर्शक म्हणून घेतात.

कंपनीच्या ट्रकनं तुमची भिंत पाडली तर कंपनी पैसे देते, कारण ड्रायव्हर तिच्या कामावर होता. मालकाची चूक असो वा नसो, नोकरानं कामात केलेल्या चुकीचा भार मालकावर पडतो. पालक आणि मूल यांचं नातं कायदा या साच्यात बसवत नाही. मूल पालकाच्या कामावर नसतं. म्हणून निव्वळ 'बाप आहे' किंवा 'आई आहे' एवढ्या कारणावर भरपाई बसत नाही.

पालकावर भरपाई बसते ती त्याच्या स्वतःच्या चुकीसाठी. मुलाला आवरायला हवं होतं आणि आवरलं नाही, धोक्याची वस्तू हातात द्यायला नको होती आणि दिली, कुलूप लावायला हवं होतं आणि लावलं नाही. न्यायालय विचारतं ते एवढंच: हे होऊ शकतं असं या पालकाला दिसायला हवं होतं का, आणि दिसत असताना त्यानं काय केलं?

हे समजावून सांगायला मला इंग्लंडमधला १९१६ चा एक खटला फार उपयोगी पडतो, कारण त्याची सुरुवात शेजाऱ्याच्या फुटलेल्या काचेनंच होते. बीबी विरुद्ध सेल्स. पंधरा वर्षांच्या मुलाकडे हवेची बंदूक होती. तिच्या गोळीनं एका घराची काच फुटली. तक्रार आली. वडिलांनी कबूल केलं की ती बंदूक मोडून टाकतो. मोडली नाही. पुढे त्याच मुलाच्या हातून त्याच बंदुकीनं दुसऱ्या एका मुलाच्या डोळ्याला इजा झाली. वडिलांना भरपाई द्यावी लागली.

त्याच्या शेजारी १९५२ चा डोनाल्डसन विरुद्ध मॅकनिव्हन ठेवून बघा. इथेही हवेची बंदूकच, आणि मुलगा तेरा वर्षांचा. वडिलांनी घराबाहेर ती चालवायची नाही अशी सक्त ताकीद दिलेली होती, आणि मुलगा ऐकतो असं मानायला त्यांच्याकडे कारण होतं. एक दिवस त्यानं ऐकलं नाही आणि बाहेर एका लहान मुलाला इजा झाली. वडील सुटले. त्यांच्या जागी कोणत्याही शहाण्या बापानं जे केलं असतं ते त्यांनी केलेलं होतं.

बंदूक दोन्हीकडे होती आणि मुलं जवळपास सारख्याच वयाची. मग फरक कुठला? पहिल्या बापाकडे तक्रार आलेली होती.

या विषयातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे. पहिल्या नुकसानीची भरपाई पालकावर सहसा कायद्यानं बसत नाही, पण पहिल्या तक्रारीनंतर पालकाची जागा बदलते. त्या दिवसापासून "आमचं पोर असं करेल असं वाटलं नव्हतं" म्हणता येत नाही. वाटायला हवं होतं, कारण कोणीतरी दारात येऊन सांगितलेलं होतं.

म्हणून ज्याचं नुकसान झालंय त्याला मी नेहमी सांगते, तक्रार करा, आणि तोंडी केली तरी त्याच दिवशी एक साधा मेसेजही पाठवा. "आज संध्याकाळी मुलांच्या चेंडूनं आमच्या बाल्कनीची काच फुटली, तुमच्या कानावर घालते आहे." एवढंच. शिव्या नको, मागणी नको. तारीख नोंदली जाते हे महत्त्वाचं. आणि ज्याच्या मुलानं नुकसान केलंय त्यानं त्या मेसेजला "मुलं आहेत, चालायचंच" असं उत्तर देऊ नये. तसं उत्तर म्हणजे बंदूक न मोडलेल्या बापाच्या जागी स्वतःहून जाऊन बसणं.

आपल्याकडे हवेची बंदूक क्वचित, पण तिची भावंडं घरोघरी आहेत. दिवाळीत सात वर्षांच्या मुलाच्या हाती रॉकेट देऊन आपण आत पाहुण्यांना फराळ द्यायला गेलो आणि रॉकेट समोरच्या बाल्कनीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांत शिरलं, तर 'पहिलीच वेळ होती' या बचावाला फार वजन नाही. वस्तूच अशी आहे की ती मुलाच्या हाती देतानाच धोका दिसतो. १९५९ च्या न्यूटन विरुद्ध एजर्ली या खटल्यात बारा वर्षांच्या मुलाला खरी बंदूक देणाऱ्या वडिलांनी ती शेताबाहेर न्यायला मनाई केली होती, तरी ते जबाबदार ठरले. इतक्या लहान मुलाला अशी वस्तू दिलीत तर नुसती मनाई पुरत नाही. संक्रांतीचा नायलॉन मांजा याच रांगेतला. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं त्यावर देशभर बंदी घातली आहे. तो मुलाला विकत आणून देणाऱ्या बापानं आणि 'मी सांगितलं होतं जपून उडव' म्हणणाऱ्या बापानं न्यायालयाकडून सहानुभूतीची अपेक्षा ठेवू नये. गावाकडे काडेपेटी आणि कडब्याची गंजी. एका ठिणगीत जनावरांचा वर्षाचा चारा जातो. तिथे नुकसान काचेसारखं दीड-दोन हजारांत आवरत नाही.

नजर चुकली म्हणजे दोष झाला का?

आमच्या प्रसंगात आजींना फार लागलं. "मी चहा टाकायला आत गेले आणि..." हे त्या आठवडाभर म्हणत राहिल्या. त्यांना मी १९५५ चा एक निकाल सांगितला होता. कायद्याचं पुस्तक एखाद्याला धीर देतं असे प्रसंग थोडे असतात, म्हणून इथेही सांगते.

वेल्समधल्या कारमार्थनशायरच्या एका बालवाडीत शिक्षिका दोन मुलांना फिरायला न्यायच्या तयारीत होती. मध्येच एक तिसरं मूल पडून खरचटलं, म्हणून ती त्याची जखम बांधायला गेली. तेवढ्यात जेमतेम चार वर्षांचा एक मुलगा फाटकातून रस्त्यावर गेला. त्याला वाचवताना एका लॉरीचालकानं गाडी वळवली, ती खांबावर आदळली आणि चालक दगावला. त्याच्या पत्नीनं दावा लावला. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. निकाल असा की शिक्षिकेचा दोष नाही. पडलेल्या मुलाकडे बघणं हे कोणत्याही काळजीवाहू बाईनं केलंच असतं. पण शाळा चालवणारी काउंटी कौन्सिल जबाबदार, कारण इतक्या लहान मुलाला सहज उघडून बाहेर जाता येईल असं फाटक गर्दीच्या रस्त्यावर असता कामा नये.

माणसानं चोवीस तास डोळ्यांत तेल घालून बसावं असं कायदा म्हणत नाही. गॅसवरचं दूध उतू जातंय, धाकटं रडतंय, दारावर कुरिअरवाला आलाय, हे घर असंच चालतं आणि न्यायाधीशांच्या घरीही ते तसंच चालतं. कायदा व्यवस्थेकडे बघतो. फाटकाला कडी होती का? टेरेसच्या दाराला कुलूप होतं का? रोज चार वाजता मूल एकटं खाली पार्किंगमध्ये जातंय हे घरात माहीत होतं का? आमच्याकडे हा शेवटचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर 'माहीत होतं' असं होतं. त्याबद्दल दोष आजींचा नव्हता, ती सवय चालू दिली त्या सगळ्यांचा होता. माझाही.

याच तर्कानं, मूल त्या वेळी ज्याच्या ताब्यात असेल त्याच्याकडे बोट जातं. मुलं शेजाऱ्यांच्याच घरी वाढदिवसाला गेली होती, शेजाऱ्यांनीच सांभाळायला घेतली होती आणि तिथे टीव्ही फुटला, तर घरी बसलेल्या आईबापाची निष्काळजी दाखवणं कठीण. पाळणाघर, शिकवणी आणि शाळेच्या बसला हाच न्याय लागतो.

मुलावर स्वतःवर दावा होऊ शकतो का? लोकांना हे अशक्य वाटतं, पण होऊ शकतो. फौजदारीसारखी सात वर्षांची रेघ दिवाणी कायद्यात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार अशा दाव्यात न्यायालय मुलासाठी त्या दाव्यापुरता पालक नेमतं. मुलाचं वागणं मोजताना न्यायालय त्याच वयाच्या साधारण मुलाकडून काय अपेक्षा ठेवावी ते बघतं. सहा वर्षांचा मुलगा गाडीच्या रंगाची किंमत जाणत नाही. आणि हुकूमनामा, म्हणजे पैसे द्या असा न्यायालयाचा निर्णय, झालाच तरी वसुली मुलाच्या नावच्या मालमत्तेतून होते. आजोबांनी नातवाच्या नावे ठेवलेल्या मुदत ठेवीवर कोणी शेजारी डोळा ठेवेल असं मला वाटत नाही, आणि ठेवू नये.

बाहेरदेशी राहणाऱ्यांसाठी

पुण्याहून म्युनिकला गेलेल्या एका मैत्रिणीनं तिथल्या बांधकामाच्या कुंपणावरची पाटी मला फोटो काढून पाठवली होती: आईवडील आपल्या मुलांना जबाबदार. ती पाटी पुरती खरी नाही. जर्मन दिवाणी संहितेत सात वर्षांखालचं मूल नुकसानीला जबाबदार नाही, रस्त्यावरच्या वाहनांच्या अपघातात तर ही मर्यादा साधारण दहा वर्षांपर्यंत जाते. पालक देणं लागतात ते लक्ष ठेवण्यात कसूर केली तरच. पण सिद्ध करण्याचा भार तिथे उलटा आहे. आपण नीट लक्ष ठेवलं होतं हे पालकांनीच दाखवायचं. आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा खासगी दायित्व विमा तिथे घरोघरी असतो, तोही याच नियमावर चालतो. कोणीच जबाबदार नसेल तर विमा कंपनीही पैसे देत नाही, म्हणून लहान मुलं असलेली कुटुंबं पॉलिसीत त्यासाठीचं वेगळं कलम घालून घेतात. तिकडे नव्यानं गेलेल्यांनी ते आठवणीनं तपासावं.

फ्रान्स याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या निकालानंतर 'आम्ही नीट वाढवलं, नीट लक्ष ठेवलं' हा बचावच उरलेला नाही. मूल तुमचं, देणं तुमचं. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी मुलानं मुद्दाम केलेल्या नुकसानीपुरता पालकांवर भार टाकणारे कायदे केले आहेत आणि त्याला रकमेची मर्यादाही घातली आहे. कॅलिफोर्नियात कायद्यातला मूळ आकडा २५ हजार डॉलरचा आहे आणि महागाईप्रमाणे तो वाढवला जातो.

जपानची दोन प्रकरणं मात्र थोडं थांबून बघण्यासारखी आहेत. २०१३ मध्ये कोबेच्या जिल्हा न्यायालयानं अकरा वर्षांच्या मुलाच्या आईला सुमारे ९.५ कोटी येन भरायला सांगितले. मुलानं रात्री सायकल जोरात हाणत एका ६२ वर्षांच्या बाईंना धडक दिली होती आणि त्या शुद्धीवर आल्या नाहीत. आईचं शिकवणं पुरेसं नव्हतं असं न्यायालय म्हणालं. त्यानंतर दोनच वर्षांनी, एप्रिल २०१५ मध्ये, जपानच्या सर्वोच्च न्यायालयासमोर दुसरा अकरा वर्षांचा मुलगा होता. तो शाळेच्या मैदानात गोलपोस्टकडे फुटबॉल मारत होता. चेंडू कुंपणापलीकडे रस्त्यावर गेला, तो चुकवताना दुचाकीवरचे ८५ वर्षांचे आजोबा पडले आणि पुढे वारले. न्यायालयानं पालकांना मुक्त केलं. मैदानात गोलाकडे चेंडू मारणं यात धोकादायक असं काही नव्हतं आणि असं काही होईल हे आधी दिसण्यासारखं नव्हतं. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. मुलांना खेळायला दिलेल्या जागी मुलं खेळली, यात कोणाची चूक शोधू नये.

रक्कम किती?

परत आपल्या जिन्यात येऊ. भरपाई म्हणजे नुकसान होण्याआधी जशी स्थिती होती तिथे माणसाला परत नेणं. नवं कोरं देणं नव्हे. नऊ वर्षांचा टीव्ही फुटला तर आजच्या नव्या टीव्हीची किंमत मागता येत नाही. दुरुस्त होत असेल तर दुरुस्तीचा खर्च, होत नसेल तर त्या वापरलेल्या वस्तूची त्या दिवशीची किंमत. काच मात्र काचच असते, ती पूर्ण बसवून द्यावी. आणि शेजाऱ्यांनी कुंडी सामाईक जिन्याच्या कठड्यावर ठेवली असेल, तर त्या नुकसानीतला काही वाटा त्यांचाही.

गाडीच्या बाबतीत ओरखडा एक बोटभर असला तरी गॅरेजवाला अख्खं पॅनल रंगवतो, नाहीतर रंग जुळत नाही. काकांच्या गाडीची तीन पॅनल होती. "विम्यातून करून घ्या की" असं सांगणारे बरेच भेटतात. विमा मिळतो, पण फुकट मिळत नाही. गाडीच्या इंजिनच्या आकाराप्रमाणे पहिले हजार किंवा दोन हजार मालकालाच भरावे लागतात, आणि एक दावा केला की 'नो क्लेम बोनस' जातो. हा बोनस पहिल्या वर्षानंतर २० टक्के असतो आणि पाच वर्षं दावा केला नाही तर ५० टक्क्यांपर्यंत चढतो. म्हणजे दुसऱ्याच्या मुलाच्या ओरखड्यासाठी शेजाऱ्यानं पुढच्या हप्त्याची सवलत गमवायची. विमा वापरायचाच असेल तर निदान हा फरक मुलाच्या घरानं द्यावा.

आम्ही दोन गॅरेजचे अंदाज मागवले. काकांच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा जास्त होता, पण गाडी वॉरंटीत होती म्हणून तोच धरला. मी पैसे दिले. कायद्यानं लागत नसताना दिले, आणि काकूंना तसं सांगूनही दिले, कारण त्यांनी मला खरं विचारलं होतं.

लोक पैसे द्यायला तयार असतात पण घाबरतात. "दिले म्हणजे चूक कबूल केली असं होईल, उद्या आणखी मागतील." यावर साधा उपाय आहे. दिवाणी वादात 'हे बोलणं पुरावा म्हणून वापरायचं नाही' अशा स्पष्ट अटीवर दिलेली कबुली न्यायालयात वापरता येत नाही. आणि पैसे देताना एक कागद करून घ्या, तो खाली देते आहे.

जमलंच नाही तर? सोसायटीची कमिटी दोन घरांना समोर बसवू शकते, खेळायच्या जागा आणि वेळा ठरवू शकते, पण तुमच्या गाडीची भरपाई ठरवणारं न्यायालय ती नाही. गावात तंटामुक्त समिती आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेतल्या काही समित्या अजूनही जाग्या आहेत आणि असले वाद त्या छान मिटवतात. शहरात असो वा गावात, तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज देऊन दाखलपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीचं, प्रकरण म्हणून लोकअदालतीत विषय ठेवता येतो. तिथे तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं आणि तिच्यावर अपील नसतं. दिवाणी दावा हा शेवटचा रस्ता. मी त्याच रस्त्यावर पोट भरते, तरी सांगते की खिडकीच्या काचेसाठी तिकडे येऊ नका.

मुलाला हात लावू नका

नुकसान झालेल्या माणसाचा राग खरा असतो. पण दुसऱ्याच्या मुलाला चापट मारणं, दंड धरून ओढत नेणं, "आईला बोलव मग सोडतो" म्हणून वॉचमनच्या खोलीत बसवून ठेवणं, हे गुन्हे आहेत, आणि ते करणारा मोठा माणूस असल्यामुळे त्याला कलम २० चं संरक्षण नाही. पाच मिनिटांपूर्वी जो तक्रारदार होता तो आरोपी होतो. चेंडू जप्त करून कायमचा ठेवणंही बरोबर नाही. तो मुलाचा आहे.

सीसीटीव्हीत सापडलेला मुलाचा चेहरा ग्रुपवर टाकणं मला यातलं सगळ्यात वाईट वाटतं. काच आठवड्यात बसते, पण 'तो गाड्या खरवडणारा' हे नाव पोराला शाळा संपेपर्यंत पुरतं. प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेलंच तर मुलाची ओळख उघड करायला कायद्याची थेट मनाई आहे. त्याआधीही फुटेज फक्त त्याच्या आईवडिलांना दाखवावं.

आमच्या मुलाला मी काकांकडे घेऊन गेले तेव्हा त्यांनी त्याला एकच प्रश्न विचारला: "चौथा डबा कुठेय?" तो म्हणाला, गाडी संपली. पुढच्या रविवारी काकांनी त्याला बादली आणि फडकं दिलं आणि दोघांनी मिळून गाडी पुसली. आम्ही त्याला एक फळा आणला, आणि चार वाजता खाली एकट्यानं जाणं बंद केलं. ती तारीख मी डायरीत लिहून ठेवली आहे, कारण त्या दिवशी माझ्याकडे पहिली तक्रार आली होती.

आणि हा तो कागद. साध्या कोऱ्या पानावर, दोन प्रती, दोन्ही घरांच्या सह्या, जमलं तर एका साक्षीदाराची:

"दिनांक ___ रोजी ___ यांच्या मुलाच्या हातून आमच्या ___ चे नुकसान झाले. त्याच्या दुरुस्तीपोटी रुपये ___ आज रोजी मिळाले. या नुकसानीबाबत आमची आता कोणतीही मागणी अथवा तक्रार शिल्लक नाही. ही रक्कम शेजारसंबंध राखण्यासाठी दिली असून ती देण्याने कोणीही आपली कायदेशीर चूक कबूल केलेली नाही. हा कागद चूक सिद्ध करण्यासाठी पुरावा म्हणून वापरायचा नाही, असे उभयतांनी ठरवले आहे. दुरुस्तीच्या बिलाची प्रत सोबत जोडली आहे."